'व्हेरिफाइड' स्थळाने फसवलं, विवाह साइट हात झटकू शकते का?

मिरजकर:
मावसबहिणीचं (घटस्फोटित, वय 36) नाव एका नावाजलेल्या विवाह साइटवर नोंदवलं होतं, चांगलं महागडं पॅकेज घेऊन. स्थळ आलं: स्कॉटलंडला तेल कंपनीत इंजिनियर, मूळचा नगरचा, प्रोफाइलवर 'व्हेरिफाइड'ची हिरवी खूण. दोन महिने गोडगोड बोलणं. मग त्याने पाठवलेलं पार्सल म्हणे दिल्ली कस्टममध्ये अडकलं. ताईने परवा 1,85,000 भरले, दोन वेगवेगळ्या खात्यांत. त्यातलं एक कुणा बाईच्या नावावर!
साइटचं उत्तर: "आम्ही फक्त माध्यम आहोत, खातरजमा सभासदाने करावी." आणि त्याचं प्रोफाइल उडवून मोकळे. मावशी म्हणते बभ्रा नको. पण पैसे घेऊन अशी खूण लावणाऱ्यांची जबाबदारी काहीच नाही? आणि प्रोफाइलबरोबर पुरावाही गेला का?

वकीलकाकू, पुणे:
बाकीचं नंतर वाचा, आधी 1930 ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन करा. पैसे पुढे सरकले नसतील तर खातं गोठवता येतं, तिथे तासातासाला फरक पडतो. मावशींना सांगा, सायबर तक्रारीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केली म्हणून गल्लीत कुणाला कळत नाही.
आता साइट. 'आम्ही फक्त माध्यम' ही आयटी कायद्याच्या कलम 79 ची ढाल. ती फुकट मिळत नाही, योग्य ती दक्षता घेतली तरच. 2021 च्या नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याचं नाव साइटवर हवं आणि तक्रारीची पोच 24 तासांत द्यायला हवी. त्यांच्या उत्तराने समाधान नसेल तर 30 दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं.
पुरावा गेलेला नाही. खातं बंद झालं तरी नोंदणीची माहिती 180 दिवस जपायची असते. विवाह साइटसाठी 2016 साली केंद्राने वेगळ्या सूचना काढल्या, त्यात आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) वर्षभर ठेवा असं आहे. पण त्या सूचनाच, मोडल्या तर दंड लिहिलेला नाही. म्हणून माहिती जपून ठेवा असं साइटला आजच लेखी कळवा.

बापू_सोलापूर:
हिरवी खूण म्हणजे बऱ्याचदा मोबाइलवर ओटीपी आला, एवढंच. साइटकडून दमडी सुटणार नाही, उगाच आशा लावू नका.

वकीलकाकू, पुणे:
बापू, 1,85,000 साइटकडून वसूल होणं अवघड, हे मान्य. पण पॅकेजचे पैसे घेतलेत म्हणजे ताई ग्राहक आहे. सेवेतल्या त्रुटीची तक्रार ती राहते त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात होते. खुणेचा अर्थ साइटने विकताना काय सांगितला होता, त्यावर सगळं अडलंय.

मिरजकर:
1930 ला फोन झाला, तक्रार क्रमांक आला. एका खात्यातले 40,000 अडवलेत म्हणाले. आणि पॅकेजच्या पानाचा स्क्रीनशॉट ताईकडे निघाला: "आमच्या माणसांनी कागदपत्रं तपासलेली स्थळं." तिची पावतीही आहे.

वकीलकाकू, पुणे:
मग ओटीपीचं कारण त्यांना सांगता येणार नाही. ताईच्या फोनमधून काहीही पुसू नका, फोन बदलूही नका. स्क्रीनशॉट पुरावा म्हणून द्यायला साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र लागेल. नमुना व्यक्तिगत निरोपातून पाठवते.