ओल नेमकी कुणाची?

आमच्या घरच्या ग्रुपवरची उपवासकाळातली (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतली) चर्चा. सगळ्यांना विचारून, नावं काढून टाकतोय. सुप्रभातची फुलं आणि वाढदिवसाचे केक गाळलेत.

शनिवार दुपार

मी: बेडरूमची भिंत आज उघडली. फोटो पाठवलाय, जेवण झालं असेल तरच बघा.

दादा (दुबई): हा कुठल्या देशाचा नकाशा?

मी: खाली हिरवट, कडेला तांबूस. पत्रा लावला की पुट्टी पापुद्र्यासारखी सुटून येते. मागे गिलावा कसला, नुसती ओली वाळू. तोंडाला रुमाल बांधून तीन तास खरवडतोय. केसात, कानात, दातात सिमेंट.

वहिनी: रुमाल नको, मास्क लावा. बुरशी छातीत जाते. आणि मुलांना त्या खोलीत झोपवू नका.

ओव्हरसीअर काका: पाऊस जाऊन चार महिने झाले, अजून ओली? ओल छताकडून खाली येते की मधूनच सुरू होते?

मी: मधूनच, काका. जमिनीपासून साडेतीन फुटांवर. त्याच्या वर खडखडीत कोरडी.

ओव्हरसीअर काका: मग वरच्या मजल्याचा काय संबंध? पाणी वरून आलं असतं तर आधी स्लॅबला डाग पडला असता. पलीकडे तुझंच बाथरूम ना? गीझरची लाईन किती उंचीवरून गेली आहे बघ.

(यावर मी दोन तास काही लिहिलं नाही. प्लंबर आला होता.)

मी: साडेतीन फूट. एल्बो, म्हणजे पाइपाच्या वळणाचा सांधा, गळतोय. आपलाच.

बंटी: म्हणजे ३ वर्षं वरच्यांच्या नावाने जे चाललं होतं…

मी: हो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वरून गळतंय म्हणून सोसायटीत अर्ज मीच दिला होता. फ्लॅटच्या आतली गळती असेल तर खर्च त्या सभासदाचा, हे उपविधीही मीच कमिटीला वाचून दाखवले. वरच्या काकांनी फरश्या फोडून अख्खं बाथरूम नव्याने करून घेतलं. ४२ हजार. मग उन्हाळा आला, गीझरचा कॉक बंद झाला, ओल कमी झाली. मला वाटलं, बघा, मी म्हणत होतो ना! थंडीत पुन्हा आली तेव्हा पुट्टी मारून रंग दिला. दोनदा. लिफ्टमध्ये भेटले की मी मोबाईलमध्ये बघायचो.

बंटी: आता गपचूप एल्बो बदल, गिलावा कर, विषय संपला. वरच्यांना सांगायला कोण जातंय?

दादा (दुबई): तसं त्यांचं बाथरूम तरी नवं झालं.

नगरची आत्या: मी लिहिते आहे. थांबा सगळे.

(आत्या लिहितात म्हणजे अर्धा तास. तेवढ्यात मी अंघोळ करून आलो.)

नगरची आत्या: बायबलमधलं लेवीय १४ काढा, वचन ३३ पासून. हा अध्याय आपण नेहमी भराभर उरकतो. त्यात घराच्या भिंतीला चट्टा पडला तर काय करायचं ते आहे. पहिली गोष्ट, घरमालकाने स्वतः याजकाकडे, म्हणजे पुरोहिताकडे, जाऊन सांगायचं की माझ्या घरात काहीतरी दिसतंय. शेजाऱ्याने तक्रार करायची नाही, याजकाने धाड घालायची नाही. ज्याचं घर त्यानेच तोंड उघडायचं. मग याजक बघतो, चट्टा हिरवट किंवा तांबूस आहे का आणि भिंतीत खोल गेलाय का. बाळा, तुझा फोटो बघून माझ्या अंगावर काटा आला. मग घर सात दिवस बंद. पसरला असेल तर ते दगड काढून नगराबाहेर टाकायचे, भिंती आतून चहूकडून खरवडायच्या, खरवडलेला चुनाही बाहेर. मग दुसरे दगड, नवा गिलावा. वरून रंग द्या असं कुठेही लिहिलेलं नाही.

मी: पण आत्या, तिथे परमेश्वरच म्हणतो की तो चट्टा मी घातला तर. वचन ३४. ते मला कधी पचलं नाही.

नगरची आत्या: मलाही पुरतं नाही पचलं. एकदा पाळकसाहेबांना विचारलं, त्यांनी विषय बदलला. पण एक बघ. याजक आत यायच्या आधी घर रिकामं करायला सांगतो, आतलं सामान अशुद्ध ठरू नये म्हणून. झडती घ्यायच्या आधी तुझी भांडीकुंडी वाचवतो. नुसतं पाडायलाच आलेला असा वागेल का?

बंटी: मग याजक म्हणजे आपला सेक्रेटरी का?

ओव्हरसीअर काका: सेक्रेटरीला एवढं चढवू नका.

भाची: मामा, कुसळ आणि मुसळ!

मी: कळलं गं.

मी: उपवासकाळ म्हणून मी गोड सोडलंय. ते सोपं होतं. उद्या पहिला रविवार, चर्चमध्ये प्रभुभोजन आहे (येशूच्या आठवणीत भाकर घेतात ते). मला ती भाकर हातात घेववणार नाही.

दादा (दुबई): बायबलमधला जकातदार जक्कय, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट देतो म्हणाला होता. एक लाख अडुसष्ट हजार.

वहिनी: अहो, गप्प बसा.

रविवार रात्र

मी: उपासनेआधी वर जाऊन आलो. काकूंनी साखळी लावूनच दार उघडलं. दारातच सगळं सांगून टाकलं. आत बसलो असतो तर इकडचं तिकडचं बोलून उठलो असतो. ४२ हजार हप्त्याहप्त्याने देतो म्हटलं. काका "बघू" म्हणाले. मग म्हणाले, "तेव्हा आमची आई होती. काम चालू होतं तो महिनाभर तिला अंघोळीला शेजारच्या घरी धरून न्यावं लागायचं." याचे पैसे कसे मोजायचे मला कळत नाही. आजी गेल्या वर्षी वारल्या. मी खाली राहतो आणि भेटायलाही गेलो नव्हतो.

मी: चहा दिला नाही. साखळी मात्र काढली.

नगरची आत्या: 🙏

मी: कमिटीलाही लेखी दिलंय की माझी तक्रार चुकीची होती.

बंटी: मी कालचं माझं म्हणणं मागे घेतो.

ओव्हरसीअर काका: एल्बो बदलला म्हणून लगेच गिलावा करू नकोस. विटा पाणी धरून ठेवतात. प्लास्टिकचा कागद चारी कडांना टेप लावून भिंतीवर चिकटव, रात्रभर ठेव. सकाळी भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं तर भिंत आतून ओलीच आहे. गिलाव्यानंतर निदान सात दिवस पाणी मारायचं.

भाची: सात दिवस! आत्याआजी, लेवीय!

ओव्हरसीअर काका: सिमेंट काही बायबल वाचत नाही. पण हो, सात.

चार आठवड्यांनी

मी: कागद कोरडा निघाला. आज गिलावा झाला, फोटो टाकलाय. पहिला हप्ता दिला, काकांनी मोजून घेतला. संध्याकाळी भिंत बघायला आले होते. डावीकडचा कोपरा ओळंब्यात नाही म्हणाले.

ओव्हरसीअर काका: नाहीच आहे. फोटोतसुद्धा दिसतंय. उद्या सकाळी पाणी मारायला विसरू नकोस.