मदत हवी आहे : नवं मैदान, टिटवीची घरटी, रात्रभर जळणारे दिवे आणि वस्तीची झोप

माळालगतची :

नमस्कार मंडळी,

आमचं गाव मिरज तालुक्याच्या पूर्व भागातलं. नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितेय ती सगळी आमचीच माणसं आहेत आणि उद्याही तोंडासमोर असणार आहेत. गावाबाहेर गायरानाचा माळ आहे, त्याला लागून आमची दहाबारा घरांची वस्ती. या हिवाळ्यात माळावर मैदान झालं. जेसीबीनं जमीन सपाट केली, मुरूम टाकला, मधे सिमेंटची पिच केली, एका अंगाला सरावाची नायलॉन जाळी लावली आणि कडेला दोन हायमास्ट (उंच खांबांवरचे दिवे) उभे केले.

मैदानाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. मैदान नव्हतं तेव्हा पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी पहाटे डांबरी रस्त्यावर धावायची. उसाचा हंगाम सुरू झाला की त्याच रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. अंधारात मागची ट्रॉली कुठं झुलेल याचा नेम नाही. माझी पुतणी आठशे मीटरचा सराव आता मैदानावर करते आणि तिची आई घरी निर्धास्त असते. शिवाय स्मृती मानधनाच्या सांगली जिल्ह्यात पोरींनी बॅट धरायला जागा मागितली तर नाही कोण म्हणेल? मैदान हवंच.

पण त्या माळावर आमच्या आधीपासून राहणारेही कुणी आहेत, आणि मैदान आखताना त्यांचा विचार कुणी केलेला नाही.

सगळ्यात घाईचा प्रश्न टिटव्यांचा आहे. पिचच्या पूर्वेला, उरलेल्या मुरमाच्या ढिगाजवळ माळटिटवीचं (पिवळ्या गाठीवाली) घरटं आहे. घरटं म्हणजे काय, तर उघड्या जमिनीवर जरासा खोलगट भाग, भोवती खडे आणि मधे चार अंडी. मातकट रंगावर काळपट ठिपके. पायाशी असली तरी दिसत नाहीत. भर दुपारी ती अंड्यांवर नुसती सावली धरून उभी असते. मधेच वस्तीतल्या गुरांच्या पाण्याच्या हाळावर येते, पोटाची पिसं भिजवते आणि तशीच ओली जाऊन अंड्यांवर बसते. त्याच बाजूला आणखी एक जोडी जागा धरून बसल्यासारखी वाटते. लाल गाठीच्या टिटव्या ओढ्याकडच्या अंगाला आहेत, त्यांची तूर्त काळजी नाही.

अडचण अशी, की वळवाचा एखादा चांगला पाऊस झाला की ओल्या मुरमावर रोलर फिरवायचा असं ठरलंय. मुरूम ओला असतानाच दबतो, म्हणून त्यांची घाई मला कळते. पण आज मे महिन्याचा मध्य आहे, ढग जमायला लागलेत आणि अंडी अजून तिथंच आहेत.

पोरं वाईट नाहीत. शेजारचा एक नववीतला मुलगा लाँगऑनला उभा असताना टिटवी त्याच्या डोक्यावरून ओरडत झेपा घालायला लागली. त्यानं शोधून घरटं काढलं, चारी बाजूंना चार मोठे धोंडे ठेवले आणि काठीला लाल फडकं बांधून रोवलं. तेव्हापासून त्या बाजूला गेलेला चेंडू आणायला पोरं वळसा घालून जातात. पण रोलरवाला बाहेरून येणार. त्याला ते फडकं म्हणजे काय ते कळणार नाही.

दुसरं म्हणजे जाळी. सरावाची जाळी रात्री तशीच लोंबत असते. मागच्या महिन्यात तिच्यात मोठी धामण अडकली. सुटायला धडपडली तसतसा दोरा खवल्यांत रुतत गेला. सर्पमित्रानं लहान कात्रीनं एकेक फास कापून ती सोडवली, पोरं मोबाइलचा उजेड धरून उभी होती. धामण शेतातले उंदीर खाते, तिला सोडवायला सगळे धावले. पण जाळी दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच.

आता दिव्यांबद्दल, कारण त्याचा त्रास माणसांनाही आहे. सामने असोत नसोत, दोन्ही हायमास्ट संध्याकाळी सातला लागतात आणि सकाळपर्यंत जळतात. पांढराफेक प्रकाश थेट घरांत येतो. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, खिडकीला गोणपाट लावलंय. पूर्वी अंधार पडला की रातवा पक्ष्याचा आवाज यायचा, आता येत नाही. लिंबाच्या ढोलीतला पिंगळा अजून आहे, तो दिव्याखाली किडे टिपतो. खोकड (लहान कोल्हा) ओघळीच्या काठानं जाताना दिसायचं. ओघळ बुजवल्यापासून तेही दिसलेलं नाही.

आणि नाईट टुर्नामेंट. एप्रिलमध्ये दोन झाल्या. टेनिस बॉलचे सामने, मोठे स्पीकर, रात्री एक वाजेपर्यंत कॉमेंट्री, फायनलनंतर डीजे. वस्तीत एक आजी अंथरुणाला खिळलेल्या आहेत, एका घरात तान्हं बाळ आहे. सांगायला गेलं की उत्तर ठरलेलं, "वहिनी, वर्षातनं चार दिवस तर खेळतोय." बोलणारा दीर लागतो माझा. पोलिसांना फोन करणं सोपं आहे, पण त्यानंतर भावकीत जे होईल ते महिनोन्महिने चालेल.

दिवाळीनंतर दुसरा टप्पा आहे. आणखी दोन हायमास्ट, सगळीकडून पक्की भिंत आणि "माळ उजाड दिसतो म्हणून" कडेनं झाडं. एकदा भिंत झाली की बोलण्यासारखं काही उरणार नाही. म्हणून आत्ता विचारतेय. टिटवीचं घरटं रोलरपासून कसं वाचवायचं? अंडी उचलून बाजूला ठेवली तर चालतं का? दिवे आणि आवाज यांबद्दल कुणाकडे, कोणत्या शब्दांत अर्ज करायचा, म्हणजे मैदान बंद पाडायला निघालेत असा शिक्का बसणार नाही? कुणाच्या गावात असं काही सामोपचारानं मिटलं असेल तर कसं मिटलं ते कृपया सविस्तर लिहा.

*

रानवाट :

ताई, पहिल्यांदा हे : अंडी अजिबात हलवू नका. जागा बदलली तर टिटवी ती स्वीकारेलच असं नाही, बहुतेकदा अंडी वाया जातात. उबवायला साधारण चार आठवडे लागतात आणि पिल्लं अंड्यातून निघाली की अंग सुकताच चालायला लागतात, आईबापांमागून स्वतःच माळावर पांगतात. म्हणजे तुम्हाला मैदान मोकळं करून घ्यायचं नाहीये, काही आठवडे एक कोपरा सांभाळायचाय. रोलर पश्चिमेकडून सुरू करायला सांगा, पूर्वेचा तुकडा शेवटी. घरट्याभोवती पंधरावीस पावलांवर चुन्याची फक्की मारून गोल आखा. चुना रोलरवाल्याला कळतो, फडकं कळत नाही. आणि त्या दिवशी तो नववीतला मुलगा तिथं हजर असू द्या.

जाळीला उपाय साधा आहे. खेळ संपला की गुंडाळून वर बांधायची. खाली जमिनीवर लोळणारा भाग सापांसाठी घातक, वर ताणलेला घुबडं आणि वटवाघळांसाठी. पक्क्या भिंतीऐवजी तारेचं कुंपण घ्या आणि खाली वीतभर फट ठेवा. ससा, मुंगूस, घोरपड, खोकड सगळ्यांची वाट राहते, चेंडू मात्र अडतो.

झाडांबद्दल कळकळीनं सांगतो. माळरान म्हणजे उजाड जमीन नव्हे. चंडोल, माळटिटवी, धाविक हे पक्षी उघड्या, खुरट्या गवताच्या जागेतच राहतात. तिथं सुबाभूळ आणि गिरिपुष्पाची रांग लावली की शिकारी पक्ष्यांना बसायला जागा होते आणि जमिनीवर अंडी घालणारे निघून जातात. आपल्या जिल्ह्यातलं सागरेश्वर अभयारण्य माणसांनी झाडं लावून उभं केलं हे खरं आणि अभिमानाचं आहे, पण म्हणून प्रत्येक माळाला तेच औषध नाही. सावली हवी असेल तर प्रेक्षक बसतात त्या वस्तीकडच्या बाजूला चार कडुलिंब पुरे. ओढ्याकडचा कोपरा गवतासाठी तसाच सोडा.

*

कायद्याचं_बोला :

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यातच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंडी-घरट्यांना उपद्रव देणं येतं. त्यामुळे तुमच्या भागातल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना फोटोसह एक साधं पत्र द्या. वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांकही आहे. वनरक्षक एकदा येऊन उभा राहिला तरी पुष्कळ फरक पडतो, गुन्हा नोंदवायची वेळ येत नाही.

आवाजासाठी ध्वनिप्रदूषण नियम, २००० आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर लावता येत नाही. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण टेनिस बॉलची टुर्नामेंट त्यात बसवता येणार नाही. तक्रार ११२ वर होते. तरी तुमची भावकीची अडचण पाहता मी म्हणेन, आधी ग्रामसभेत वेळेचा ठराव करून घ्या. ठराव गावाचा असतो, तक्रार एका घराची होते.

आणखी एक. गायरान सरकारी असतं, वापर बदलायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल आणि त्यानंतरचा राज्याचा शासन निर्णय याबाबत कडक आहे. परवानगीची प्रत माहिती अधिकारात मागू शकता, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण हे पाऊल विचार करून उचला. कागद अपुरे निघाले तर दिवे नव्हे, मैदानच अडचणीत येईल, आणि ते तुम्हाला नकोय.

ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, २००२ च्या जैवविविधता कायद्यानं ती बंधनकारक आहे. माळावरच्या पक्ष्यांची नोंद लोकजैवविविधता नोंदवहीत करून घ्या. पुढच्या टप्प्याच्या वेळी तोच कागद उपयोगी पडेल.

*

डावखुरा_गोलंदाज :

वहिनींचं सगळं पटलं, फक्त एक बाजू मांडतो. मी एमआयडीसीत कामाला आहे, शिफ्ट सुटते सहाला. एप्रिल-मेमध्ये दिवसा ४० अंशांच्या आसपास ऊन असतं. आमच्यासारख्यांनी रात्री नाही तर कधी खेळायचं? रात्रीचे सामने सरसकट बंद करा अशी मागणी गेली तर आमच्या वयाचा एकही जण तुमच्या बाजूनं हात वर करणार नाही. "दिवे सामन्यापुरते, स्पीकर नको, शेवटचा चेंडू दहाच्या आत" असं म्हणालात तर मी स्वतः आमच्या मंडळात बोलेन. षटकं कमी केली आणि संघ वेळेवर आले तर दहाच्या आत सहज होतं. एक वाजतो तो खेळामुळे नाही, उद्घाटनं आणि सत्कारांमुळे.

*

शिवारफेरी :

ताई, तुमच्या माळाला लागून सोयाबीन असतं का? असेल तर पक्ष्यांआधी सोयाबीनचं बोला, ग्रामसभा कान देऊन ऐकेल. सोयाबीनला फुलोरा धरायला लांब रात्र लागते. रात्रभर दिव्याच्या झोतात राहिलेली झाडं हिरवीगार वाढत राहतात, फुलं-शेंगा उशिरा धरतात आणि काढणीच्या वेळी बाकीचं रान वाळलेलं असताना तेवढा पट्टा हिरवा राहतो. आमच्या इथं रस्त्यावरच्या दिव्याखाली हे दर वर्षी दिसतं. शेवंतीवाले हीच गोष्ट मुद्दाम करतात, रात्री बल्ब लावून फुलं उशिरा आणतात. त्यांना विचारा, ते सांगतील.

हायमास्ट काढायची गरज नाही. दिव्यांची तोंडं खाली करायची, काच जमिनीला समांतर आली पाहिजे, म्हणजे उजेड मैदानातच पडतो. मागच्या बाजूला पत्र्याची झडप. पांढऱ्याऐवजी पिवळसर, ३००० केल्विन किंवा त्याखालचे दिवे घेतले तर किडेही कमी येतात. आणि टायमर. वीजबिल ग्रामपंचायतच भरते ना, मग रात्रभर जळणाऱ्या दिव्यांचा हिशेब सरपंचांसमोर ठेवा.

*

माळालगतची :

सगळ्यांचे मनापासून आभार. सोयाबीनचा मुद्दा माझ्या मनातही आला नव्हता. मैदानाच्या उत्तरेला चुलत सासऱ्यांचं रान आहे, जूनमध्ये तिथं सोयाबीनच पेरतात. आबा काल स्वतः त्यांच्याकडे जाऊन बसले. ते ग्रामसभेत बोलायला तयार आहेत, आणि ते बोलले तर माझ्यापेक्षा जास्त ऐकलं जाईल हे उघड आहे.

गोलंदाजदादा, तुमचं वाक्य जसंच्या तसं अर्जात घेतेय : दिवे सामन्यापुरते, स्पीकर नको, शेवटचा चेंडू दहाच्या आत. ते घेऊन दिरांना भेटले. त्यांनी स्पीकरबद्दल हो म्हटलेलं नाही, पण कागद फेकूनही दिला नाही, खिशात घातला.

चुन्याचा गोल आज पोरांनी मारला. फक्की क्रीजसाठी आणलेलीच होती. रोलर पश्चिमेकडून सुरू करायचं मंडळातल्या दोघांनी कबूल केलंय. आबांचं म्हणणं, टिटवीनं यंदा उंचवट्यावर अंडी घातलीत म्हणजे पाऊस दणकून होणार. ते ऐकून पोरांनी बुजवलेल्या ओघळीबद्दल स्वतःच विचारलं, कारण पाणी तुंबलं तर पिचच्या कडा आधी उखडणार आणि मग ते आमच्या गोठ्यांत शिरणार. त्यामुळे मैदानाच्या दक्षिणेनं चर काढून पाणी जुन्या ओढ्याला सोडायची मागणी आता आमची आणि त्यांची एकत्र आहे. वन विभागाचं पत्र उद्या देतेय, फोटोत घरट्याची नेमकी जागा कळणार नाही याची काळजी घेऊन.

आता एकच मदत हवी आहे. कुंपणाखाली फट, दिव्यांना झडप आणि टायमर, स्पीकरची वेळ, ओढ्याकडचा कोपरा तसाच ठेवणे, पाण्याचा चर, असं एकत्र असलेला ग्रामसभेचा ठराव कुणी करून घेतला असेल तर त्याचा मसुदा कृपया इथं टाका किंवा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी मला तो ग्रामसेवकांकडे द्यायचा आहे.