'वर्षभरात घातलं नाही ना, मग काढून टाका' म्हणे!

घडीमोड:
काल सोसायटीच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत आली, 'कपाट बारा महिने आवरलेलं कसं ठेवाल'. १ जानेवारीला सगळे हँगर उलटे अडकवा, घातलेला कपडा परत लावताना हँगर सुलटा करा, ३१ डिसेंबरला जो हँगर उलटाच राहिला तो कपडा घराबाहेर. वर्षात अंगाला लागला नाही म्हणजे तो तुमचा नाहीच. खाली पंचवीस जणींचे अंगठे आणि बदाम. सेक्रेटरीबाईंनीच टाकलेली म्हणून तिथे गप्प बसले, इथे ओकतेय, लांबण लागणारे.

अहो माझा शालू २००३ चा. लग्नात नेसले, मग नणंदेच्या लग्नात, मग भाच्याच्या मुंजीत. वीस वर्षांत तीनदा. त्याचा हँगर जन्मभर उलटाच राहणार, काढू बाहेर? मुळात जरीचं काही हँगरला लावायचंच नसतं, स्वतःच्याच वजनाने दुमडीवर विरतं, आणि हँगर लोखंडी असेल तर पावसाळ्यात गंजाचा डाग फुकट. जुन्या धुवट सुती कापडात गुंडाळून आडवं ठेवायचं, तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घालायची. हे माझ्या आईला कुठलीही पोस्ट न वाचता माहीत होतं.

आणि पुण्यात कपाट बिघडतं ते कपडे जास्त झाल्याने नाही, पावसाळ्याने. जुलैत दोन दिवस दोरीवर लटकलेली जीन्स हाताला कोरडी लागते पण शिवणीत ओल असते, ती आत गेली की आठवड्यात सगळ्या खणाला तो कुबट वास. म्हणून माझं कपाट वर्षातून दोनदा उलटंपालटं होतं, एकदा मृगाच्या आधी आणि एकदा घटस्थापनेच्या आधी. मेमध्ये शाली-स्वेटर उन्हात, रेशीम सावलीत वाऱ्यावर. घटाआधी सगळे खण रिकामे करून कोरड्या फडक्याने पुसायचे, आणि मग ऑक्टोबरचं ऊन आपल्याला भाजतं तसं गाद्या-रजयांनाही भाजू द्यायचं. मधले महिने कपाट थोडं विस्कटणारच. घर आहे, लक्ष्मी रोडचं दुकान नाही.

बाणेरी:
पोस्टमध्ये कुठेही शालू लिहिलेला नाहीये. नियम रोजच्या कपड्यांचा आहे हे कुणालाही कळेल, पण आपल्याकडे कुणी आवरा म्हटलं की लगेच आईचा शालू आडवा घालायचा. मी २०२३ पासून हँगर पद्धत करते. नवऱ्याचे ४१ टीशर्ट निघाले, चक्क मोजले, कंपनीचे, मॅरेथॉनचे, मंडळाचे, एक तर बँकेने फुकट दिलेला. घालतो फक्त पाच. सासूबाईंची चार कपाटं आणि मला लग्नानंतर सहा वर्षं दोन खण. त्या चार कपाटांत काय आहे? 'लागेल कधीतरी'. माझी ऑफिसची ओढणी शोधायला सकाळी दहा मिनिटं लागायची, आता लागत नाहीत. तुमच्या आईला माहीत होतं कारण तुमच्या आईकडे कपाट आवरायला वेळ होता.

घडीमोड:
माझी आई ३१ वर्षं शाळेत शिकवत होती. वेळ होता म्हणे.

बाणेरी:
ओके तो मुद्दा मागे. बाकीचे तसेच.

टीशर्ट_बचाव_समिती:
त्या ४१ मधला एक मी आहे असं समजा. मंडळाचा टीशर्ट म्हणजे त्या वर्षीचा गणपती, त्या वर्षीचं ढोलपथक, हाताला आलेले फोड. ते 'पाच घालतो' वगैरे हिशोब आमच्यावर लावू नका. हलकेच घ्या.

पुसट:
ज्या जपानी बाईंमुळे हे आवराआवरीचं खूळ घराघरात शिरलं त्या मारी कोंडोंनी २०२३ मध्ये स्वतःच सांगितलं की तिसरं मूल झाल्यावर आपण आवरणं जवळपास सोडून दिलंय. बास, माझ्यापुरता विषय संपला.

बाणेरी:
हँगरचं तिचं नाहीच आहे. ती म्हणते वस्तू हातात घ्या आणि आनंद होतो का बघा. वाचायचं नाही आणि विषय संपवायचा.

पुसट:
आनंद होतो का बघायचं तर मग माझी ऑफिसची एकही पँट शिल्लक राहणार नाही.

कोथरूडची_मामी:
सगळे भांडताय तोवर एक कामाचं सांगते. डांबरगोळ्या टाकणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. तान्ह्या बाळाची दुपटी, टोपडी डांबरगोळ्यांत ठेवू नका, काही बाळांना जन्मतः जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी त्याने फुटतात, कावीळ होते. सुनेच्या डॉक्टरांनी मला चांगलं झापलं होतं. दुसरं म्हणजे डांबरगोळी आणि कापूर एका खणात नको. दोन्ही वेगवेगळे असताना कोरडे असतात, एकत्र आले की एप्रिलच्या उकाड्यात चक्क पाघळतात. माझ्या नारायणपेठीवर तळहाताएवढा डाग आहे, तो त्या शहाणपणाचा. आता मी पुरचुंडीत लवंगा नि कडुनिंबाचा वाळका पाला ठेवते, आणि खळ घातलेलं काही साठवून ठेवत नाही, कसरीला खळ फार आवडते.

कात्रज_बोगदा:
मला एकच विचारायचंय. 'घराबाहेर' म्हणजे कुठे? सगळे कपाटाबद्दल बोलताय, ते कपडे जातात कुठे?

बाणेरी:
आमच्या मावशींना देते. त्यांना गरज असते, खूश होऊन नेतात.

घडीमोड:
आमच्याकडे बोहारीण यायची. चार पँटी नि दोन साड्यांवर एक स्टीलचं पातेलं, त्यावर अर्धा तास घासाघीस, कापडाला नख लावून बघायची, आई म्हणायची झाकण तरी दे. आता सोसायटीच्या गेटवर वॉचमनच हाकलतो.

कात्रज_बोगदा:
मावशी खूश होऊन नेतात असं तुम्हाला वाटतं. माझी आई २२ वर्षं प्रभात रोडला बंगल्यांत भांडी-फरशी करायची. दर दिवाळीआधी प्रत्येक घरातून एक पिशवी. नाही म्हणता येत नाही, बोनस त्याच हातातून यायचा असतो. आत काय, तर चेन तुटलेली पँट, काखेत पिवळा पडलेला शर्ट, एकदा तर एकाच पायाचे तीन मोजे. आई रात्री ढीग करायची. घालण्यासारखं आमच्या अंगावर, सुती असेल तर गोधडीला, बाकीचं बोहारणीला, आणि तिनेही नाकारलेलं पलंगाखाली. तुमची कपाटं आवरली जायची आणि पसारा आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत येऊन पडायचा. आठवीत मी एका बंगल्यातल्या मुलाचा चौकडीचा शर्ट घालून शाळेत गेलो, तो मुलगा आमच्याच वर्गात होता. तो काही बोलला नाही. मीच दिवसभर वर बघितलं नाही.

बाणेरी:
वाईट वाटलं वाचून पण मी फाटकं देत नाही. धुऊन इस्त्री करून देते. सगळ्यांना एका पिशवीत कोंबू नका.

कात्रज_बोगदा:
कधी विचारलंत, 'मावशी, हवंय का?' आणि त्या नको म्हणाल्या तर राग येणार नाही अशा आवाजात?

बाणेरी:
हे अती होतंय. मग काय कचऱ्यात टाकू? तेही चुकीचं, देणंही चुकीचं, ठेवणं म्हणजे सासूबाई!

पुसट:
धागा कपाटाचा होता, वर्गसंघर्षावर पोचलाय. पॉपकॉर्न.

कात्रज_बोगदा:
पॉपकॉर्न खा तुम्ही. एक मोजा पाठवू का हात पुसायला?

शनिवारातला_म्हातारा:
जरा थांबा. मी ८० पार आहे, टायपायला वेळ लागतो म्हणून सगळं वाचून झाल्यावर लिहितो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आमचा वाडा पडला. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो होतो. पाणी उतरल्यावर गाळातून आईची ट्रंक निघाली, आत तिचं लग्नाचं लुगडं, चिखलाने ताठ झालेलं. तिने ते सात-आठ पाण्यांतून काढलं, रंग गेला पण कापड टिकलं. त्यापुढे आमच्या घरात कपडा टाकणं बंद. शर्टाची पिशवी, पिशवीचं पायपुसणं. आई गेल्यावर माळ्यावरून सोळा गाठोडी निघाली आणि खरं सांगतो, त्यातल्या चौदांना कसर लागलेली होती. त्या ताई म्हणतात ते 'लागेल कधीतरी' काही खोटं नाही. आईचं चुकलं असं मात्र मी म्हणणार नाही.

घडीमोड:
आजोबा, ते लुगडं?

शनिवारातला_म्हातारा:
त्याची गोधडी केली. नऊवारी सुती, धुऊन धुऊन मऊ झालेली, धावदोरा घातलेली. तीच पांघरतो. आताच्या पॉलिस्टरच्या साड्यांची गोधडी करून बघा, रात्रभर अंगावरून घसरते.

कोथरूडची_मामी:
माझ्या सासूबाईंनी खरी जर असलेली पैठणी जुनी जर विकत घेणाऱ्याला दिली होती, तो जाळून चांदी काढतो. पैशाच्या नडीला दिली. अजून त्या पदराचे मोर सांगतात. असो.

बाणेरी:
काल रात्री मावशींना विचारलं. (हो, विचारलं. आवाजही नीट ठेवला.) म्हणाल्या, 'ताई, ड्रेस नको, माझ्या मापाचे नसतात, चादरी असतील तर द्या.' गेली तीन वर्षं मी ड्रेस देतेय. त्या ते कुठे नेत होत्या ते विचारायची हिंमत झाली नाही. घ्या, जिंकलात तुम्ही. हँगर मात्र मी उलटेच लावणार.

कात्रज_बोगदा:
जिंकायचं नव्हतं. चादरी द्या.

बाणेरी:
आता कुणी कपाटाबद्दल बोलेल का? बिल्डरने दिलेलं फिक्स वॉर्डरोब आहे, बरोब्बर पश्चिमेच्या भिंतीला चिकटवलेलं, ऑगस्टमध्ये मागच्या प्लायला पांढरी बुरशी. आत आईची इरकल आहे. हँगरला आहे, ओरडू नका.

घडीमोड:
ओरडत नाही, पण आधी ती खाली काढ. आपल्याकडे पावसाची झोड पश्चिमेकडूनच येते, ती भिंत आतून ओली होणारच. सुटं कपाट असतं तर चार बोटं पुढे ओढ म्हटलं असतं, फिक्सला ते जमत नाही, तेव्हा बाहेरून भिंतीच्या भेगा बुजवून घे, तेही उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये रंगारी आला तरी पाठवून दे. तोपर्यंत त्या भिंतीच्या खणात प्लास्टिकचे डबे, बॅगा असलं ठेव आणि इरकल आतल्या भिंतीच्या कपाटात. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नकोस, आतली ओल आतच राहते. आणि पावसाळ्यात ऊन पडलं की दारं तासभर सताड उघडी.

बाणेरी:
आतल्या भिंतीच्या कपाटात जागा नाही.

घडीमोड:
का?

बाणेरी:
३६ टीशर्ट.

टीशर्ट_बचाव_समिती:
पत्ता पाठवा, मी नेतो. धुऊन द्या फक्त.