सावरक्राउट आणि ब्राटवुर्स्ट: बटाटे कच्चे, सॉसेज फुटलेले. शनिवारच्या आत मदत हवी आहे

मंडळी, मी श्टुटगार्टजवळ फिल्डर भागात राहते. विमानतळाच्या आजूबाजूचा हा सगळा पट्टा कोबीचा. इथला कोबी गोल नसतो, वर निमुळता होत जातो, आणि ऑक्टोबरात लाइनफेल्डन-एश्टरडिंगनला त्याची जत्रा भरते. खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंनी त्याच कोबीचं घरी घातलेलं सावरक्राउट (हे लोक नुसतं 'क्राउट' म्हणतात) मोठी बरणीभर दिलंय. बारीक चिरलेला कोबी, किलोला २० ग्रॅम मीठ आणि चार-पाच आठवडे धीर, बस्स. व्हिनेगरचा थेंब नाही. येत्या शनिवारी बाई जेवायला येणार आहेत, आणि "माझ्या क्राउटचं काय करतेस ते बघते" असं सांगून गेल्यात.

कृती विचारली तर थेट माझी आजी! थोडी वाइन, थोडं सफरचंद, मग शिजू दे. थोडी म्हणजे किती? तर हवेत हात हलवून दाखवला.

रविवारी रंगीत तालीम केली. क्राउट फार आंबट लागलं म्हणून किलोभर घेऊन तीनदा धुतलं. पुण्याहून आणलेल्या हिंडालियमच्या पातेल्यात कांदा परतला, जिरं आणि तमालपत्र टाकलं (बाई 'क्युमेल' म्हणाल्या होत्या, ते जिरंच ना?), मग क्राउट, चार बटाट्यांच्या फोडी, कपभर पाणी. सगळ्यात वर सहा ब्राटवुर्स्ट ठेवून झाकण घातलं आणि चांगलं उकळू दिलं.

तासाभराने बटाट्यात सुरी जाईना. सहापैकी चार सॉसेजं फुटून सारण बाहेर. क्राउट करडं पडलेलं, चव ओल्या पुठ्ठ्याची आणि मागाहून पत्र्याची. नवऱ्याने वर मोहरीची चटणी ओतून खाल्लं, पण तो काहीही खातो.

चुकलं कुठे? आणि बरणीत वर पांढरा पापुद्रा दिसतोय, ते खराब झालं का?

तिखटमीठ: एवढ्या उपद्व्यापापेक्षा कोबीची भजी कर. जर्मन माणूस भज्यांना नाही म्हणत नाही. (हलके घे.)

पेग्नित्झकाठी: धागाकर्ती, आधी ते हिंडालियम बाजूला ठेव! आंबट पदार्थ अॅल्युमिनियमशी लागतो, पत्र्याची चव आणि करडा रंग त्याचाच. ताक आपण कल्हईशिवायच्या पितळेत ठेवतो का? स्टीलचं जाड बुडाचं किंवा इनॅमलचं भांडं घे.

बटाट्याचं कोडं तर तुझ्या आईनेही सोडवलं असतं. डाळ शिजायच्या आधी चिंच-आमसूल घालू नये म्हणतात ना? आंबटात बटाटा मऊ पडत नाही, तासभर काय, दोन तास ठेवलास तरी. फोडी वेगळ्या उकडून ताटात शेजारी वाढ. मात्र एक छोटा कच्चा बटाटा अगदी बारीक किसून शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत क्राउटमध्ये ढवळ. त्याने रस मिळून येतो, पाणी वेगळं सुटत नाही.

धुण्याबद्दल: आधी कच्चं चाखायचं. फारच खारट-आंबट असेल तर एकदाच धुवून पिळायचं. तीनदा धुतल्यावर पुठ्ठाच उरणार. आंबटपणा धुवून घालवायचा नसतो, त्याला जोडीदार द्यायचा. दोन चमचे डुकराची चरबी (लोणी चालेल), त्यात कांदा मंद आचेवर, चमचाभर साखर, एक आंबटगोड सफरचंद चिरून, मग क्राउट आणि अर्धा कप कोरडी पांढरी वाइन किंवा सफरचंदाचा रस. तमालपत्र एक, जुनिपरची फळं पाच-सहा, जराशी ठेचून. झाकण ठेवून मंद आचेवर ४० मिनिटं. मीठ शेवटी चाखूनच.

क्युमेल म्हणजे जिरं नव्हे! ते शहाजिऱ्याच्या वळणाचं. जिऱ्याला इथे 'क्रॉइत्सक्युमेल' म्हणतात. जिरं घातलंस म्हणून पोटाला काही झालं नसेल, पण बाईंच्या चेहऱ्याला होईल.

उकडीचे_मोदक: सॉसेजबद्दल मी सांगते. पाकिटावर 'गेब्र्यूट' लिहिलं असेल तर ते आधीच उकडलेलं असतं, नुसतं भाजायचं. नसेल तर आत कच्चं मांस असतं, मधोमध शिजायलाच हवं. कच्चं असेल तर उकळी येऊन गॅस बारीक केल्यावर, बुडबुडे थांबलेल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायचं, कोरडं करून मग तव्यावर मंद आचेवर सगळीकडून लाल. खळखळ उकळलं की आतलं सारण फुगतं, कातडी आक्रसते, आणि फाट! काट्याने टोचायचंही नाही, रस निघून जातो.

पेग्नित्झकाठी: +१. आमच्याकडे न्यूर्नबर्गला बोटाएवढी, २०-२५ ग्रॅमची सॉसेजं बीचच्या लाकडावर भाजतात आणि सहा, आठ, दहा अशी कथलाच्या थाळीत क्राउटसोबत देतात. दोघांची भेट थेट थाळीत. क्राउटमध्ये शिजवायचं ते धुरावलेलं मांस, कासलर वगैरे, त्याची चव क्राउटला लागावी म्हणून.

पापुद्रा सपाट, पांढरा, वास नेहमीचा आंबट असेल तर तो बहुधा यीस्टचा. काढून टाक आणि कोबी पाण्याखाली दाब. लोकर फुटलेली, हिरवी-काळी-गुलाबी बुरशी असेल तर बरणीच फेक, मालकीणबाईंची भीड धरू नकोस.

तिखटमीठ: डुक्कर न खाणाऱ्यांसाठी काय?

उकडीचे_मोदक: टर्कीचं मिळतं, पण पाकिटामागची यादी वाचूनच घे. 'कोंबडी', 'वासरू' असं समोर लिहूनही आत डुकराची चरबी असू शकते.

धागाकर्ती (रविवार): झालं जेवण! पापुद्रा सपाटच होता, काढला. क्राउट एकदाच धुतलं, सफरचंद घातलं, पातेलं स्टीलचं. सॉसेजं सगळी शाबूत, एकच फुटलं, ते नवऱ्याच्या ताटात सरकवलं. बाईंनी दोनदा वाढून घेतलं आणि चकार शब्द बोलल्या नाहीत. मला धाकधूक. जाताना दारात म्हणाल्या, "वाइन जरा जास्त झाली." आज सकाळी पाहते तर दारात दुसरी बरणी. ही पहिल्यापेक्षा मोठी आहे. आता हिचं काय करू, सांगा पाहू?