शब्दचर्चा: पेशीतल्या ‘शटल’ला धोटा म्हणावं का?

पवनीहून, बी.एस्सी.ला जीवरसायन शिकवणारी

‘एनएडीएच शटलमध्ये बसून तंतुकणिकेत जातो.’ गेल्या आठवड्यात एका मुलीच्या वहीत हे वाक्य वाचलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. मुलगी हुशार आहे, रोज एसटीने येते. चूक तिची नाही, शब्दाची आहे. शटल म्हटलं की ये-जा करणारी गाडी डोळ्यांसमोर येते. गाडीत कुणीतरी बसतं, म्हणजे एनएडीएचच बसत असणार.

एनएडीएच म्हणजे इलेक्ट्रॉन वाहणारा रेणू, आणि तंतुकणिका म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, पेशीतलं ऊर्जाघर. प्रत्यक्षात एनएडीएच आत जातच नाही. ग्लुकोज पहिल्यांदा फुटतं ते पेशीद्रव्यात. तिथे एका ग्लुकोजमागे दोन एनएडीएच तयार होतात. श्वसनाची साखळी, म्हणजे इलेक्ट्रॉन एकीकडून दुसरीकडे देणारी प्रथिनांची रांग, मात्र तंतुकणिकेच्या आतल्या पटलात, आणि त्या पटलातून एनएडीएचला वाट नाही. त्याच्यावरचे इलेक्ट्रॉन दुसऱ्या रेणूंच्या हातून पुढे जातात. या व्यवस्थेला इंग्रजीत शटल म्हणतात. त्यातलं एक मॅलेट आणि अ‍ॅस्पार्टेट या रेणूंच्या नावाने ओळखलं जातं.

मला ‘धोटा’ सुचतो. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ भाला-बाणासारखी फेकायची वस्तू, त्यावरून विणकराचा धोटा, आणि रेल्वे-बस फार नंतरची. आमच्या भागात कोष्ट्यांची घरं आहेत, मुलांनी माग पाहिलेला आहे. ‘मॅलेट-अ‍ॅस्पार्टेट धोटा’ चालेल का?

दुसरा अडलेला शब्द ‘रिड्युसिंग इक्विव्हॅलंट’, म्हणजे असे पुढे दिले जाणारे इलेक्ट्रॉन मोजायचं माप. ‘क्षपण-सममूल्य’ असं लिहून दिलं, तर मुलांना वाटतं की काहीतरी कमी होतंय.

मोहाडीहून, विणकराच्या घरचा

मॅडम, धोटा हा आमच्या घरातला शब्द तुम्हाला विज्ञानासाठी हवासा वाटला, याचा फार आनंद झाला. तरी एक सांगावंसं वाटतं. धोट्याच्या पोटात कांडी असते, कांडीवर बाण्याचं सूत. ताण्याच्या दोन थरांमधून धोटा उजवीकडे गेला की एक धागा पडतो, डावीकडे परतला की दुसरा. आमची आजी म्हणे, ‘धोटा रिकामा फिरत नाई बापू.’ तुमचं मॅलेट येताना काही घेऊन येतं का? जाताना भरलेलं आणि येताना रिकामं असेल, तर तो धोटा नव्हे.

आणखी एक, कदाचित तुमच्या कामाचं. करवती काठाच्या साडीला तीन धोटे लागतात. एक अंगाचा, दोन काठांचे. काठाचा धोटा अंगात शिरत नाही. सीमेवर अंगाच्या धाग्यात आपला धागा गुंतवतो आणि तिथूनच मागे फिरतो. त्या गुंतण्यातूनच करवतीचे दाते उमटतात.

नागभीडहून, रेल्वेतून निवृत्त

शटल या शब्दावर रेल्वेवाल्याचाही थोडा हक्क आहे म्हणून लिहितो. गोंदियाहून जबलपूरकडे जाणारी लाईन पूर्वी छोटी होती, आणि मुंबई-हावडा मोठी. छोट्या लाईनची वाघीण, म्हणजे मालाचा डबा, मोठ्या लाईनवर चढूच शकत नाही. मग माल कसा जायचा? या वाघिणीतून उतरवायचा, त्या वाघिणीत भरायचा. वाघिणी आपापल्या रुळांवर राहत आणि माल पुढे जाई. मॅडमनी लिहिलेलं वाचून हेच आठवलं. बाहेरचा एनएडीएच छोट्या लाईनची वाघीण, आतला मोठ्या लाईनची, आणि मॅलेट हा मधला हमाल. तसं असेल तर शब्द वाहनाचा नको, हमालाच्या फेरीचा हवा. आपल्याकडे त्याला ‘खेप’ म्हणतात. भरली खेप, रिकामी खेप.

तुमसरहून

‘ने-आण’ साधा शब्द आहे, तोच घ्या.

पवनीहून, प्रश्न विचारणारी

ने-आण मीही लिहून पाहिला होता. पण ‘आण’ म्हटलं की आतून बाहेर तसाच माल येतो असं वाटतं, आणि इलेक्ट्रॉन तर परत येत नाहीत.

मोहाडीच्या भाऊंच्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देते, कारण शब्दाचा निकाल त्यावरच लागणार आहे. पेशीद्रव्यात ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट नावाचा रेणू एनएडीएचकडून दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि मॅलेट होतो. एनएडीएच रिकामा होऊन, म्हणजे एनएडी होऊन, पुन्हा ग्लुकोजच्या कामाला लागतो. मॅलेट पटलातल्या एका वाहक प्रथिनातून आत जातं, आणि त्याच दारातून अल्फा-कीटोग्लुटारेट बाहेर येतं. आत गेल्यावर मॅलेट इलेक्ट्रॉन उतरवून आतल्या एनएडीला देतं आणि पुन्हा ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट होतं. इथवर नागभीडच्या काकांची वाघीण तंतोतंत बसते.

अडचण परतीला आहे. ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटला त्या पटलातून बाहेर यायला वाट नाही. म्हणून ते ग्लुटामेटकडून अमिनो गट घेतं, अ‍ॅस्पार्टेट होतं आणि त्या रूपात बाहेर पडतं. बाहेर आल्यावर अमिनो गट सोडून पुन्हा ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट. म्हणजे हमाल जाताना एका वेशात आणि येताना दुसऱ्या. भाऊ, तो रिकाम्या हाताने येत नाही, अमिनो गट घेऊन येतो. पण ज्या मालासाठी सगळा खटाटोप, ते इलेक्ट्रॉन एकाच दिशेने जातात. शिवाय अ‍ॅस्पार्टेट बाहेर पडताना ग्लुटामेट आणि एक प्रोटॉन आत येतात. पटलाच्या दोन बाजूंमधला विद्युत दाब हा फेरा एकाच दिशेला रेटतो, त्यामुळे तो उलटा फिरणं अवघड. तुमच्या आजीचं म्हणणं बरोबर ठरलं. दोन्ही फेऱ्यांत सूत टाकणारा धोटा हा नव्हे.

नेदरलँड्सच्या पीट बोर्स्ट यांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला हा फेरा मांडला, म्हणून त्याला बोर्स्ट चक्र असंही म्हणतात. ‘चक्र’ घेतलं तर वेश बदलून परत येणं नीट कळतं, पण पटल ओलांडणं त्यात कुठेच दिसत नाही. म्हणून मला ते पुरेसं वाटत नाही.

करवती काठाचं वाचून मात्र मी वहीच उघडली. दुसरं एक शटल आहे, ग्लिसरॉल-फॉस्फेटचं. त्यात डायहायड्रॉक्सिअ‍ॅसिटोन फॉस्फेट बाहेरच्या एनएडीएचकडून इलेक्ट्रॉन घेऊन ग्लिसरॉल-3-फॉस्फेट होतं. ते आतल्या पटलापर्यंत येतं, पण आत शिरत नाही. पटलाच्या बाहेरच्या अंगाला बसलेलं एक विकर (एन्झाइम) त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेतं, आपल्याजवळच्या एफएडी या रेणूवर ठेवतं आणि तिथून पटलातल्या युबिक्विनोन या वाहक रेणूला देतं. सीमेवर गुंतवायचं आणि मागे फिरायचं. भाऊ, हा तुमचा काठाचा धोटा आहे! वीस वर्षं शिकवतेय, हे साम्य मला कधी दिसलं नव्हतं.

पवनीहून, प्रश्न विचारणारी

एक राहिलंच. जुन्या पुस्तकांत एका ग्लुकोजमागे कुठे 36 एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) तर कुठे 38 दिसतात, तो फरक याच दोन वाटांचा. मॅलेटच्या वाटेने गेलेले इलेक्ट्रॉन आत पुन्हा एनएडीएचवर चढतात आणि साखळीच्या पहिल्या प्रथिन-संकुलापासून सुरुवात करतात. ग्लिसरॉल-फॉस्फेटच्या वाटेने आलेले पहिलं संकुल चुकवून मध्येच शिरतात, म्हणून कमी एटीपी. आता हिशेब एनएडीएचमागे 2.5 आणि या दुसऱ्या वाटेला 1.5 असा धरतात, त्यामुळे बेरीज 32 किंवा 30 येते. यकृत, मूत्रपिंड आणि हृदयात पहिली वाट मोठी, तर कंकाल स्नायूंत दुसरीचा वापर बराच. माशी-टोळांच्या उडण्याच्या स्नायूंत तर दुसरीच जोरात चालते, कारण ती झटपट आहे.

लाखनीहून, तपासणी प्रयोगशाळेत काम करणारा

मॅडम, ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट आणि ग्लुटामेट एकत्र वाचले आणि ओळखीचं वाटलं. यकृताच्या रिपोर्टवर आम्ही एसजीओटी लिहितो, त्याचं पूर्ण नाव सिरम ग्लुटामिक ऑक्झॅलोअ‍ॅसेटिक ट्रान्सअमायनेज. हेच का ते वेश बदलणारं विकर?

पवनीहून, प्रश्न विचारणारी

हो जी, तेच. आता त्याला अ‍ॅस्पार्टेट अमायनोट्रान्सफरेज म्हणतात. त्याचं एक रूप पेशीद्रव्यात असतं, दुसरं तंतुकणिकेत, कारण वेश दोन्हीकडे बदलावा लागतो. यकृताच्या किंवा स्नायूंच्या पेशींना इजा झाली की ते रक्तात सांडतं आणि तुमच्या रिपोर्टवर आकडा वाढतो. मुलांना हे उद्याच सांगते. घरोघरी असे रिपोर्ट पडलेले असतात.

भिवापूरहून, रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक

दुसऱ्या शब्दाकडे अजून कुणी वळलं नाही, म्हणून लिहितो. ‘क्षपण’ संस्कृतातल्या क्षय, नाश या अर्थाच्या धातूवरून आला. जुन्या धातुशास्त्रात धातुक तापवून ऑक्सिजन काढला की वजन घटायचं, म्हणून रिडक्शन, आणि म्हणून आपलं क्षपण. पुढे व्याख्या इलेक्ट्रॉनवर आली. ज्याला इलेक्ट्रॉन मिळाला त्याचं क्षपण झालं. नाव घटीचं आणि घटना मिळकतीची, म्हणून मुलं गोंधळतात. शब्द बदलायची गरज नाही, ही कथा एकदा सांगितली की पुरे. मी तरी तशीच सांगत आलो.

‘इक्विव्हॅलंट’चं थोडं वेगळं आहे. इलेक्ट्रॉन कधी एकटा जातो, कधी प्रोटॉनसोबत हायड्रोजन अणू होऊन, कधी दोन इलेक्ट्रॉन एका प्रोटॉनवर बसून हायड्राइड होऊन. एनएडी असं हायड्राइडच घेतो. रूप कोणतंही असो, मोजायचे ते इलेक्ट्रॉन. आमच्याकडे धान कापणीची मजुरी कुणाला धानात मिळते, कुणाला पैशात, पण हिशेब रोजांचाच होतो. तो ‘रोज’ म्हणजे इक्विव्हॅलंट. त्यामुळे ‘सममूल्य’ मला अगदी योग्य वाटतो. एका एनएडीएचवर दोन क्षपण-सममूल्यं, असं लिहावं.

पवनीहून, प्रश्न विचारणारी

सर, रोजाचा दाखला वर्गात वापरते. मुलांपैकी निम्म्यांच्या घरी सध्या कापणीच चालू आहे.

आज फळ्यावर लिहिलं ते असं: ‘मॅलेट-अ‍ॅस्पार्टेट खेप’ आणि ‘ग्लिसरॉल-फॉस्फेट धोटा’. एकाच इंग्रजी शब्दाला मराठीत दोन शब्द देणं परिभाषेच्या नियमात बसत नाही, याची मला कल्पना आहे. परीक्षेत मुलं शटलच लिहितील. पण दोन वाटा वेगळ्या आहेत हे या दोन शब्दांनी पहिल्याच दिवशी कळलं, ते इंग्रजी शब्दाने दरवर्षी निसटायचं.

मग त्याच मुलीने विचारलं, ‘मॅडम, खेप करणारा हमालच नसेल तर बाहेरचा एनएडीएच काय करेल?’ तिला तांबड्या रक्तपेशीचं सांगितलं. त्यांच्यात तंतुकणिकाच नसते. तिथला एनएडीएच आपले इलेक्ट्रॉन ग्लुकोज फुटून झालेल्या पायरुव्हेटला देतो, लॅक्टेट तयार होतं आणि तो रिकामा होऊन पुन्हा कामाला लागतो. जोरात पळताना स्नायूंतही असंच होतं, खेपा पुरत नाहीत तेव्हा. मोहफुलाची दारू यकृतात गेली की पेशीद्रव्यात एनएडीएचचा ढीग साचतो आणि या खेपा कमी पडतात. मग पायरुव्हेट लॅक्टेटकडे वळतं, नवं ग्लुकोज बनणं अडतं, आणि उपाशीपोटी प्यालेल्या माणसाची साखर धोक्याइतकी खाली येऊ शकते. वर्ग एकदम शांत झाला. हे अनेकांनी घरात पाहिलेलं असतं.

मोहाडीहून, विणकराच्या घरचा

मॅडम, घरी आजीचा जुना धोटा आहे. टोकं झिजलीत, पण कांडी बसते. पुढच्या बुधवारी पवनीला यायचं आहे, कॉलेजात आणून देऊ का? करवतीचा एक तुकडाही आणतो. काठ आणि अंग गुंतलेली जागा मुलांना बोट लावून पाहता येईल.

पवनीहून, प्रश्न विचारणारी

आणा भाऊ. बुधवारी माझा तास 11 वाजता आहे. तुम्हीच फिरवून दाखवा.