मदत हवी आहे: केटलच्या नव्या मॉडेलमध्ये पर्यावरणपूरक डिझाइन कुठल्या टप्प्यावर आणायचं?

रेघोटी
इलेक्ट्रिक केटलचं नवं मॉडेल करायला घेतलंय. १.५ लिटर, २००० वॅट, पीपीची (पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिक) बॉडी, तळाला स्टीलची प्लेट. कन्सेप्ट ड्रॉइंग झालीत, साच्यांची ऑर्डर अजून गेलेली नाही. 'पर्यावरणपूरक हवं' एवढंच वरून सांगितलंय. टीमपुढे सध्या दोनच कल्पना आहेत: रिसायकल्ड प्लॅस्टिक आणि कागदी पॅकिंग.

एलसीए (वस्तू बनण्यापासून फेकली जाईपर्यंतच्या पर्यावरणीय परिणामांचा हिशेब) आत्ता करायचं की प्रोटोटाइप हातात आल्यावर? रिसायकल्ड पीपी कुठे चालेल? आणि हे स्टेज-गेटमध्ये (टप्प्याटप्प्याने मंजुरी देण्याच्या पद्धतीत) कसं बसवायचं, म्हणजे प्रत्येक मॉडेलला पहिल्यापासून वाद घालावा लागणार नाही?

उकळबिंदू
सविस्तर एलसीए प्रोटोटाइपनंतरच करा, पण ढोबळ हिशेब याच आठवड्यात मांडा. साचे ठरले की बदलायला फारसं काही उरत नाही.

आधी एकक पक्कं करा. 'एक केटल' हे एकक कामाचं नाही. 'दिवसातून ४ वेळा २५० मिली पाणी उकळणे, ५ वर्षं' असं धरा, म्हणजे ७३०० वेळा. २५० मिली पाणी २० वरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ८४ किलोज्यूल लागतात. कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर ५ वर्षांत साधारण २०० युनिट वीज होते.

आता तुमच्या ड्रॉइंगवरची 'किमान' पाण्याची खूण बघा. ती ५०० मिलीवर असेल, तर कपभर पाणी हवं असणाऱ्यालाही दुप्पट उकळावं लागतं आणि आकडा ४०० युनिटवर जातो. याउलट बॉडीतलं प्लॅस्टिक ६०० ग्रॅम धरा. कोरं पीपी बनवायला कच्च्या मालासकट किलोमागे ७० ते ८० मेगाज्यूल ऊर्जा जाते, म्हणजे सगळं मिळून १२-१३ युनिटइतकी. ते प्लॅस्टिक फुकट मिळालं असं धरलं तरी बचत तेवढीच. वीज औष्णिक असेल तर तफावत आणखी वाढते. त्यामुळे रिसायकल्ड प्लॅस्टिक जरूर वापरा, पण पहिला मान किमान खुणेला द्या.

दुसरी जागा वाफेच्या स्विचची. पाणी उकळल्यावर वाफ नळीतून बायमेटलपर्यंत (तापल्यावर वाकून स्विच पाडणारी दोन धातूंची पट्टी) पोहोचते आणि मग केटल बंद होते. नळी लांब किंवा अरुंद असली तर त्यात २० सेकंद सहज जातात. २००० वॅटवर २० सेकंद म्हणजे ४० किलोज्यूल, कपभर पाणी तापवायला लागतात त्याच्या जवळपास निम्मे! ५ वर्षांत हे ८० युनिट होतात. झाकण नीट बसत नसेल तर वाफ वरूनच निसटते आणि स्विच पडतच नाही. तेव्हा झाकणाची सील आणि नळीचा मार्ग आत्ताच ठरवा.

रेघोटी
किमान खूण २५० वर आणली तर प्लेट कोरडी पडणार नाही ना?

उकळबिंदू
कॉइल उघडी असती तर ती पूर्ण बुडेल इतकं पाणी लागलंच असतं. तुमची तळाची प्लेट आहे, म्हणून वाव आहे. तळाचा आतला व्यास १५ सेंमी असेल तर २५० मिलीची खोली जेमतेम १४ मिमी भरते, १२ सेंमी असेल तर २२ मिमी. व्यास कमी केला की खोली वाढते, पण केटल उंच होते आणि कलंडण्याची चाचणी अवघड जाते. कोरडं उकळण्यापासूनचं संरक्षण आयईसी ६०३३५-२-१५ या सुरक्षा-मानकाप्रमाणे नव्या खुणेवर पुन्हा तपासा. खुणा कपांत द्या, आणि केटल नळाखाली धरल्यावर दिसतील अशा बाजूला द्या. मागच्या बाजूच्या खुणा बघून कोणी पाणी भरत नाही.

साचेकाम
रिसायकल्ड पीपीबद्दल. गरम पाण्याला लागणाऱ्या भागात अन्नसंपर्काची मान्यता नसलेला माल अजिबात नको. राहिली बाहेरची कवचं आणि खालचा बेस. बेसमध्ये वीजजोड असल्याने ग्लो-वायर चाचणी (तापलेल्या तारेने प्लॅस्टिक पेट घेतं का ते बघणारी) आलीच. काळ्या रिसायकल्ड मालात जुन्या इलेक्ट्रॉनिक कचऱ्यातली ब्रोमिनयुक्त अग्निरोधकं आलेली असू शकतात. आरओएचएस या घातक पदार्थांवरच्या नियमाप्रमाणे पीबीबी आणि पीबीडीई ही अशी अग्निरोधकं प्रत्येकी ०.१ टक्क्याच्या आत हवीत, म्हणून लॉटगणिक चाचणी-अहवाल मागा.

पुरवठादाराकडून एमएफआयची (वितळलेलं प्लॅस्टिक किती सहज वाहतं त्याचा आकडा) नुसती सरासरी नको, किमान ते कमाल असा पट्टा लिहून घ्या. लॉट बदलला की प्रवाह बदलतो, आकुंचन बदलतं आणि क्लिप सैल बसते किंवा तुटते. ट्रायल पट्ट्याच्या दोन्ही टोकांच्या मालावर घ्या. साचा आधी कोऱ्या मालावर पास करून नंतर रिसायकल्ड घालायचं, इथेच बहुतेक प्रकल्प अडकतात.

आयुष्य संपल्यावरचंही बघा. साधं पीपी पाण्यावर तरंगतं, एबीएस (दुसरं एक प्लॅस्टिक) बुडतं, त्यावर वर्गीकरण चालतं. पण २० टक्के टाल्क (खनिज पूड) घातलं की पीपीची घनता १.०४ च्या आसपास जाते. ते एबीएसबरोबर तळाशी बसतं आणि दोन्ही माल बिघडतात. कार्बन ब्लॅकचा काळा रंग वर्गीकरणाच्या निअर-इन्फ्रारेड यंत्राला ओळखता येत नाही. हँडलवर रबरी टीपीई ओव्हरमोल्ड करायचा (वरून थर ओतायचा) विचार असेल तर सोडा, तो सुटा होत नाही. पकड पोताने द्या. भागांवर आयएसओ ११४६९ प्रमाणे प्लॅस्टिकचा प्रकार सांगणारी खूण साच्यातच कोरून घ्या.

सुटेभाग
टिकाऊपणाचा मुद्दा राहिला. कॉइल शाबूत असताना केटल फेकली जाते ती झाकणाची बिजागरी तुटली, स्विच गेला किंवा बेसचा कनेक्टर जळाला म्हणून. बिजागरी बॉडीतच ओतलेली असेल तर ५ ग्रॅमच्या तुकड्यापायी अख्खी केटल जाते. पिन काढता येईल अशी वेगळी बिजागरी करा आणि झाकणाला स्वतंत्र पार्ट नंबर द्या. स्क्रू सगळे एकाच मापाचे आणि साध्या डोक्याचे. पितळी इन्सर्टऐवजी जाड बॉसमध्ये (स्क्रूसाठीचा प्लॅस्टिकचा उंचवटा) थेट प्लॅस्टिकचे स्क्रू घ्या, पण उघडझाप १० वेळा करून आटे टिकतात का बघा. अंतर्गत दुरुस्ती करणाऱ्यालाही विजेचा धोका राहणार नाही, अशी आतली वायर-मांडणी हवी.

गेटकीपर
प्रक्रियेसाठी आयईसी ६२४३० आणि आयएसओ १४००६ ही पर्यावरणपूरक डिझाइनची मानकं वाचा, पण सुरुवात तुमच्याच फॉर्मपासून करा. 'पर्यावरणपूरक' हा शब्द ब्रीफमधून काढा आणि मोजता येणारी वाक्यं लिहा: किमान पाणी २५० मिली, उकळल्यापासून १० सेकंदांत बंद, झाकण २ मिनिटांत बदलता येणे. किमतीच्या उद्दिष्टाशेजारीच ही वाक्यं असू द्या. वेगळी 'हरित चेकलिस्ट' केली की घाईच्या वेळी पहिली तीच वगळली जाते.

बीओएममध्ये (सुट्या भागांची यादी) चार रकाने वाढवा: मालाचा ग्रेड, वजन, रिसायकल्ड टक्का, जोडणीची पद्धत. पुरवठादाराचं डिक्लरेशन पर्चेस ऑर्डरच्या अटीत घाला. नंतर मागितलेला कागद महिनोन् महिने येत नाही. साच्याच्या गेटवर सही प्रॉडक्ट मॅनेजरची घ्या, पर्यावरण विभागाची नको. विभाग सल्ला देऊ शकतो, पण खर्च आणि वजन यांत निवड करायचा अधिकार त्याच्याकडे नसतो.

मार्केटिंगलाही आत्ताच बोलवा. आयएसओ १४०२१ या पर्यावरणीय दाव्यांच्या मानकाप्रमाणे 'पर्यावरणस्नेही' असे मोघम दावे करता येत नाहीत. 'कपभर पाणी उकळता येतं' हे लिहिता येतं, आणि चाचणीचा आकडा त्यासाठी जपून ठेवावा लागतो.

रेघोटी
खूप आभार. तळाचा व्यास आणि वाफनळी या दोन्ही गोष्टी साच्याच्या ऑर्डरआधी उघडतो. १२ आणि १३.५ सेंमीचे दोन नमुने करून कलंडण्याची चाचणी झाली की आकडे इथे टाकेन.