विषय: २८ डिसेंबर – पुण्याजवळ पोहायला शांत पाणी कुठे आहे?

प्रेषक: स्वाती (मस्कत)
सोमवार, ८ डिसेंबर

नमस्कार मंडळी,

शाळांना हिवाळी सुट्टी लागली की आपल्या मस्कतच्या मंडळातली निम्मी घरं पुण्यात असतात. तिथे आपण भेटतो म्हणजे काय, तर एखाद्या हॉटेलात लांबलचक टेबल जोडून थाळी खातो, पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात आणि शेवटी काउंटरवर "मी देतो, मी देतो" अशी झोंबाझोंबी होते. यंदा पोरांनीच फर्मान काढलंय: पोहायला जायचं. तरणतलाव नको, वॉटरपार्क तर नकोच. इकडे ओमानमध्ये सूर शहराच्या रस्त्यावरचं आपलं बिम्माचं कुंड आहे ना, किंवा वादी शाबची घळ, तसलं काहीतरी हवं. आणि गर्दी नको.

रविवार, २८ डिसेंबर धरून चालले आहे. सकाळी निघायचं, दिवेलागणीला घरी. मुलं नऊ ते पंधरा वयाची, सगळ्यांना पोहता येतं. दोन आज्या येणार म्हणतात, त्या काठावर बसतील. पुणेकरांनो, जागा सुचवा.

स्वाती

---

प्रेषक: निखिल (बाणेर)
सोमवार, ८ डिसेंबर

स्वातीताई, सोप्पं आहे. पवना धरण! आमच्या ऑफिसची टीम नेहमी जाते. समोर तुंग, तिकोना, काठावर तंबू, पाणी एकदम शांत. सकाळी लवकर निघालो तर दोन तासांत पोचू.

नाहीतर देवकुंड. फोटो बघा, हुबेहूब बिम्मा. हिरवंगार पाणी, वरून धबधबा. पोरं खूश.

निखिल

---

प्रेषक: अरविंद (सदाशिव पेठ)
मंगळवार, ९ डिसेंबर

> पाणी एकदम शांत

निखिल, घोडं तिथेच पेंड खातं. धरणाच्या पाण्याला लाटा नाहीत, ओढ नाही, म्हणून माणूस निर्धास्त उतरतो. पण तो तलाव नाही, ते बुडालेलं खोरं आहे. खाली शेतं आहेत, बांध आहेत, झाडांचे बुंधे आहेत. काठाला गाळ. घोट्याएवढ्या पाण्यातून चालत गेलात की बुडालेला बांध संपतो आणि पुढचं पाऊल कुठे पडेल त्याचा नेम नाही. गाळात पाय रुतला की उत्तम पोहणाराही घाबरतो, आणि घाबरला की संपलं. शिवाय ते पाणी पिंपरी-चिंचवड पितं. आपण पुणेकर खडकवासल्याचं पितो. तिथे चौपाटीवर कणीस खावं, भजी खावीत आणि घरी यावं.

माझं धरणांशी वाकडं आहे असं घरचे म्हणतात. असेलही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी बारा वर्षांचा होतो.

आता देवकुंड. ते भिऱ्याजवळ, रायगड जिल्ह्यात. गाडी लावल्यावर जंगलातून चांगली पायपीट आहे, तेवढीच परत. स्वातीच्या पत्रातल्या आज्या कुणाच्या खांद्यावर? कुंडात पोहायला मनाई आहे आणि ती उगाच नाही. माणसं गेली आहेत तिथे. कुंडाला वरून बंदूक लावल्यासारखी धार पडते, तिच्याखाली पाणी आत ओढतं.

पोरांना हे मात्र सांगा. बिम्मा आपल्याकडे का नाही, तर तिथला दगड चुनखडीचा. तो पाण्यात विरघळतो, जमिनीखाली पोकळी होते आणि एक दिवस छत कोसळतं. तिथले लोक आकाशातून तारा पडला म्हणतात, पण गोष्ट एवढीच आहे. खालून समुद्राचं पाणी येतं म्हणून ते खारट आणि निवळशंख. आपला दगड काळा कातळ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो विरघळत नाही, झिजतो. पुरात गोटे एकाच जागी गरगर फिरतात आणि खळगा पाडतात. निघोजला कुकडीच्या पात्रात ते रांजणखळगे बघण्यासारखे आहेत. मळगंगेचं दर्शन घ्या, काठावरून बघा. उतरायचं मात्र नाही. आतल्या भिंती इतक्या गुळगुळीत झालेल्या असतात की पडलेल्याला बोट अडकवायलाही कपार सापडत नाही.

आणि "मग जुलैच्या सुट्टीत जाऊ" असं कुणी म्हणायच्या आत: ३० जून २०२४, भुशी धरणाच्या मागचा धबधबा, एकाच कुटुंबातली पाच माणसं. १५ जून २०२५, कुंडमळ्याचा कोसळलेला पूल. पावसाळ्यात पाण्याजवळ जायचं ते छत्री घेऊन आणि लांबून.

अरविंद

---

प्रेषक: स्वाती (मस्कत)
मंगळवार, ९ डिसेंबर

काका, आता जागा सुचवा, नुसत्या खोडू नका! :)

कोकण? दिवेआगर एका दिवसात होतं का? नाहीतर कुणीतरी वाळणकोंडीचं नाव घेतलं होतं, महाडकडे.

स्वाती

---

प्रेषक: मेधा (कर्वेनगर)
मंगळवार, ९ डिसेंबर

स्वाती,

वाळणकोंड पोहायची जागाच नाही. तिथले मासे देवीचे. कुरमुरे टाकले की ही गर्दी करतात, आणि त्यांना कुणी हात लावत नाही. दर्शनाला जा, डोळे भरून बघ.

दिवेआगरचं म्हणशील तर समुद्र तयार आहे. माझं माहेर श्रीवर्धनचं, त्यामुळे कॅलेंडर आधी तिथीसाठी बघायची सवय. २८ला पौष शुद्ध अष्टमी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीचा भांग, त्यामुळे पाण्याला अमावास्या-पौर्णिमेसारखं उधाण नाही. एकनंतर पाणी चढायला लागतं, तेव्हा उतरायचं. उतरत्या पाण्यात माणूस बाहेर खेचला जातो, चढत्यात पाणी त्याला काठाकडे ढकलतं. दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे, पण अजून मला या हिशेबाने दगा दिलेला नाही.

हे झालं समुद्राचं. रस्त्याचं म्हणशील तर ताम्हिणी, माणगाव, म्हसळा असे एरवीसुद्धा साडेचार तास. नाताळ ते एकतीस तारीख या आठवड्यात अख्खी मुंबई माणगावच्या चौकात उभी असते. तुमची भरती तिथेच होईल. समुद्र तयार, माणगाव नाही. दोन मुक्काम असतील तर बोल, मी स्वतः येते. एका दिवसात नाही.

मेधा

---

प्रेषक: सुनंदा (बिबवेवाडी)
बुधवार, १० डिसेंबर

सगळ्यांना नमस्कार.

मी मंडळात असताना नाटकाच्या वेळचे चहा सांभाळायचे, बाकी या यादीवर फारसं लिहीत नाही. पण एक जागा आहे.

माझं माहेर भोरच्या पुढे, नीरा-देवघर धरणाच्या वरच्या अंगाला. गावाखाली ओढ्याला डोह आहे. ओढा आता डिसेंबरात बारीक झालाय, पण वाहता आहे, आणि डोह होळीपर्यंत भरलेला असतो. अलीकडचा काठ सपाट कातळाचा. तो पायऱ्या-पायऱ्यांनी पाण्यात उतरतो. पहिल्या पायरीवर गुडघाभर, दुसरीवर कंबरभर, तिसरीवर माझ्या गळ्याशी. त्यानंतर पाण्याचा रंग काळा दिसतो. तिथे दोन पुरुष पाणी आहे. पलीकडे उंबर आहे, त्याच्याखाली अजिबात जायचं नाही. मुळ्या पाण्यात पसरल्यात, पाय अडकतो. आम्ही सगळी भावंडं तिथेच शिकलो, पाठीला सुका भोपळा बांधून. माझा भोपळा सुटला तो मला कळलाच नाही. भावाने काठावरून दाखवला तेव्हा मी रडायला लागले. तोवर छान पोहत होते.

अरविंदकाका विचारतील म्हणून आधीच सांगते. धरणाच्या वर असल्यामुळे पाणी सोडण्याची भीती नाही. खाली नीरेच्या पात्रात रब्बीचं आवर्तन सुटलं की न सांगता पाणी चढतं, म्हणून भोरच्या खालच्या बाजूला कुणी कितीही छान घाट दाखवला तरी उतरू नका. आणि गाळ नाही, तळ दगडी आहे. पण शेवाळ आहे. अनवाणी नको, स्लिपर तर मुळीच नको. जुने कॅनव्हासचे बूट आणा, ओले झाले तरी चालतील असे.

काही गोष्टी. अकराच्या आत जायचं नाही, बायका धुण्याला येतात. पश्चिमेला डोंगर आहे, तीनला ऊन जातं, म्हणजे पोहायला मिळतात ते चारेक तास. पाणी गार असतं, मस्कतच्या पोरांचे दात वाजणार. पोरींनी पोहायला काय घालायचं ते घालावं, गावातून जाताना वरून एक कुडता असू दे. बाटल्या नाहीत, स्पीकर नाही. माझा भाऊ दोर आणि ट्रकची ट्यूब घेऊन काठावर थांबेल. वहिनी पिठलं-भाकरी, ठेचा आणि वालाची उसळ करेल म्हणाली.

सुनंदा

---

प्रेषक: निखिल (बाणेर)
बुधवार, १० डिसेंबर

सुनंदाकाकू, भारी!! लोकेशन टाका ना ग्रुपवर. ड्रोन आणतोय.

निखिल

---

प्रेषक: सुनंदा (बिबवेवाडी)
बुधवार, १० डिसेंबर

निखिल, लोकेशन टाकणार नाही. गावाचं नावही मुद्दामच लिहिलेलं नाही, या यादीवर चारशे पत्ते आहेत. तुम्ही भोरच्या एसटी स्टँडपाशी या, पुढे माझ्या गाडीमागून. आमच्या शेजारच्या गावात एक छोटा धबधबा होता. कुणीतरी रील टाकली. पुढच्या पावसाळ्यात दर रविवारी गाड्या शेतात घुसायला लागल्या, धुण्याच्या दगडावर फुटक्या बाटल्या. शेवटी गावाने वाटेवर साखळी लावली. आता तिथल्या पोरांनाही जाता येत नाही.

ड्रोन घरी ठेव. फोटो काढ हवे तेवढे, आपल्या माणसांचे. जागेचं नाव टाकू नकोस. आणि काकू नको, ताई म्हण.

सुनंदा

---

प्रेषक: अरविंद (सदाशिव पेठ)
गुरुवार, ११ डिसेंबर

सुनंदा, जागा पटली. 'तळ दगडी, वर धरण नाही, खाली उतार माहीत असलेला माणूस काठावर' यापलीकडे माझं मागणं नव्हतंच.

दोन-तीन सूचना, त्याही करतोच. "सगळ्यांना पोहता येतं" याचा अर्थ काढून ठेवा. समुद्राच्या किंवा बिम्माच्या खाऱ्या पाण्यात अंग सहज तरंगतं. गोड्या पाण्यात तेवढं नाही. तेच पोर तिथे लवकर दमतं. गार पाण्यात तर आणखी लवकर. म्हणून पंधरा वर्षांच्या घोड्यानेही लाइफ जॅकेट घालायचं. काळ्या पाण्याच्या अलीकडे दोर आडवा बांधून घ्यावा, त्याच्या पुढे एका वेळी दोनच जण, भावाच्या नजरेखाली. सूर मारायचा नाही, कितीही ओळखीचं पाणी असलं तरी. पोरांच्या जोड्या लावा, मोठ्यांपैकी एकाने कोरडं राहून नुसती डोकी मोजायची. त्या माणसाने त्या वेळात फोन खिशात ठेवायचा.

डोकी मोजायला मी आहे. पाण्यात उतरणार नाही असं मात्र लिहून देत नाही. मी मुठेत पोहायला शिकलेला माणूस आहे. आताच्या पोरांना हे सांगितलं तर नाक धरतात.

अरविंद

---

प्रेषक: स्वाती (मस्कत)
गुरुवार, ११ डिसेंबर

ठरलं! सुनंदाताई, तुमचे आभार काठावर बसून मानते.

तर: रविवार, २८. सकाळी साडेसातला कात्रज नवीन बोगद्याच्या अलीकडे जमायचं, टोलनाका ओलांडून कापूरहोळला चहा, मग उजवीकडे वळून भोर. साडेनऊला स्टँड. भोरमध्ये अकरापर्यंत वेळ आहे, आज्यांना राजवाडा बाहेरून दाखवू. परतताना ज्यांना हवं त्यांनी नसरापूरला बनेश्वर करावं, मी तरी पोरांना टॉवेलात गुंडाळून सरळ घरी आणणार आहे. लाइफ जॅकेटं मी इथून आणते, आमच्या बोटीच्या ग्रुपची आहेत, मुलांच्या मापाची. जोडीला दोन शिट्ट्या. निखिल, तुझ्या गाडीत दोन आज्या बसतील, गाणी त्यांच्या पसंतीची लागतील.

माझ्या लेकीने विचारलंय की डोहात मासे पायाला चावतात का, बिम्मात चावायचे तसे.

स्वाती

---

प्रेषक: सुनंदा (बिबवेवाडी)
गुरुवार, ११ डिसेंबर

स्वाती, चावतात. हळू. गुदगुल्या होतात, तिला सांग पाय हलवत राहायचं.

वहिनीला माणसांचा आकडा हवाय, २५ तारखेपर्यंत कळवा. तांदळाची भाकरी कोण खाणार आणि ज्वारीची कोण, तेही लिहा. आणि उसळीत ओलं खोबरं घालू का? तुमच्यातल्या एका आजींना चालत नाही असं आठवतंय. नाटकाच्या वेळी त्यांची ताटली वेगळी काढायचे मी.

सुनंदा